‘एसएमबी १.० चालू करा, फायरवॉल बंद करा’: शेअरिंगच्या रामबाण फॉरवर्डचा समाचार

टॅक्स कन्सल्टंट, अकाउंटंट, डीटीपी-झेरॉक्सवाले यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून उगवतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: ‘विंडोज ११ने शेअरिंगची वाट लावली आहे. मेन पीसीचं फोल्डर उघडत नसेल तर पाच गोष्टी करा. एसएमबी १.० चालू करा. फायरवॉल बंद करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा. फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल द्या. तरीही जमलं नाही तर शेवटचं अपडेट काढून टाका. शंभर टक्के चालतं.’

(मेन पीसी म्हणजे ज्यावरचं फोल्डर बाकीचे पीसी नेटवर्कवरून वापरतात तो; ते बाकीचे म्हणजे क्लायंट पीसी.) कधीकधी चालतं, हे खरं आहे. पण पाचांपैकी कशामुळे चाललं ते कुणालाच कळत नाही आणि बाकीचे चार बदल पीसीवर कायमचे तसेच राहतात. शेअरिंग अडतं तेव्हा विंडोज एक एरर नंबर देतं. गाडं कुठे अडलंय हे तो नंबर बऱ्यापैकी नेमकं सांगतो. या फॉरवर्डमध्ये नंबर बघायचा उल्लेखच नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

आता एसएमबी १.० घ्या. एसएमबी हा विंडोजच्या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल, म्हणजे पीसींनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. त्याची मूळ कल्पना आयबीएममधली, १९८०च्या दशकातली. एसएमबी २ व्हिस्टाबरोबर आला, विंडोज ८बरोबर ३.०, विंडोज १०बरोबर ३.१.१. जोडणी करताना दोन्ही पीसी आपल्याला कोणत्या आवृत्त्या येतात ते सांगतात आणि दोघांना येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडली जाते. म्हणजे विंडोज १० आणि ११ एकमेकांशी बोलणार ते ३.१.१मध्येच. जुनी आवृत्ती चालू केली म्हणून ती वापरली जात नाही. खात्री करायची असेल तर शेअर केलेलं फोल्डर उघडं ठेवा, पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड लिहायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि गेट-एसएमबीकनेक्शन ही कमांड द्या. डायलेक्टच्या, म्हणजे आवृत्तीच्या, रकान्यात ३.१.१ दिसेल, एसएमबी १.० चालू असो वा नसो.

मग ‘आमच्याकडे त्यानेच झालं’ असं लोक शपथेवर का सांगतात? एक तर हा बदल केला की विंडोज रीस्टार्ट मागतं, आणि रीस्टार्टने अर्धवट अडकलेली जुनी कनेक्शन्स आपोआप साफ होतात. दुसरं कारण जास्त रंजक आहे. ‘नेटवर्क’ खिडकीत पीसींची जी यादी दिसायची, ती बनवणारी कॉम्प्युटर ब्राउझर ही सेवा एसएमबी १वर अवलंबून होती. ऑक्टोबर २०१७मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ डीफॉल्ट म्हणून देणं थांबवायला सुरुवात केली आणि ठिकठिकाणी ती यादी रिकामी झाली. लोकांनी अर्थ काढला की शेअरिंग गेलं. आता ही यादी दुसऱ्याच पद्धतीने बनते. त्यासाठी मेन पीसीवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ऑटोमॅटिकवर ठेवली की बहुतेकदा भागतं. आणि यादीत नाव दिसत नाही म्हणजे फोल्डर उघडत नाही असं मुळीच नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे तिरके दांडे देऊन पुढे मेन पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका. उघडलं तर शेअरिंग ठणठणीत आहे, बिघडली ती फक्त यादी.

जोखमीबद्दल उगाच भीती घालत नाही. एसएमबी १मधल्या ज्या छिद्रातून १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, त्याचा पॅच (ते छिद्र बुजवणारं अपडेट) १४ मार्चलाच आलेला होता. तरी २७ जूनला आलेल्या नॉटपेट्या व्हायरसने तेच छिद्र वापरलं, शिवाय चोरलेले पासवर्डही वापरले, आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाजकंपनी समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. आज पॅच असलेल्या पीसीवर ते विशिष्ट छिद्र उरलेलं नाही. पण एसएमबी १मध्ये एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून पाठवणं) नाही, आणि काही फायदा नसताना तो चालू ठेवायचा कशासाठी? त्याची खरी गरज उरते ती जुन्या स्कॅनर-कॉपियर मशीनला, ज्याला थेट फोल्डरमध्ये स्कॅन टाकता येतं पण एसएमबी २ येत नाही. तिथे आधी फर्मवेअरचं, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आहे का ते विचारा. नसेल तर स्कॅन ईमेलवर घ्या. एका मशीनपायी सगळ्या ऑफिसचे पीसी २०१७च्या आधीच्या काळात नेऊ नका.

फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा, बंद करण्याआधी एक कमांड पुरते. क्लायंट पीसीवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन लिहा, पुढे मेन पीसीचा आयपी आणि पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीचं दार, द्या. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर दार उघडंच आहे, फायरवॉल बंद करून काहीही साधणार नाही. ‘फॉल्स’ आलं तर आधी मेन पीसीवर नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलंय का ते बघा. नवा राउटर बसवला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, बहुधा पब्लिकमध्ये टाकतं आणि शेअरिंगचे नियम बंद होतात. ते ‘प्रायव्हेट’ करायचं, बस्स. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर विंडोजची बंद करून तसाही फरक पडत नाही. आणि लॅपटॉपवर बंद केलेली फायरवॉल लॅपटॉपबरोबर स्टेशनच्या फुकट वायफायवरही बंदच असते.

नुसत्या पिंगवर (दुसरा पीसी उत्तर देतो का ते बघणाऱ्या कमांडवर) भरवसा नको. पिंग अडवलेला असताना ४४५ चालू असू शकतं, आणि उलटही.

आणखी एक प्रकार फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नसतो. इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर असतो, मग रेंज पुरत नाही म्हणून ऑफिसने दुसरा वायफाय राउटर घेतलेला असतो आणि त्याची केबल वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायच्या जागी) खोचलेली असते. आता मेन पीसीला १९२.१६८.०.ने सुरू होणारा आयपी, बाकीच्यांना १९२.१६८.१.ने सुरू होणारा. मेन पीसी आतल्या राउटरच्या मागे असेल तर बाहेरच्यांना तो सापडणारच नाही, मग फायरवॉल बंद करा नाहीतर विंडोज नव्याने टाका. दोन्ही पीसींवर आयपीकॉन्फिग ही कमांड देऊन हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर अर्ध्या मिनिटात कळतं. केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये घालायची आणि दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करायचं. तो राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला तरी तेच होतं. गेस्ट वायफायवर जोडलेला लॅपटॉप मुद्दामच वेगळा ठेवलेला असतो, तेही तपासा.

पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करणं हा या फॉरवर्डमधला सर्वांत उलटा फिरलेला सल्ला. ते बंद केलं की येणारा माणूस ‘गेस्ट’ म्हणून आत येतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो आणि त्यावरच्या एडिशनमध्ये, एसएमबी साइनिंग डीफॉल्ट सक्तीचं झालं. म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही होते आणि त्या सहीची किल्ली लॉगिनमधून, म्हणजे शेवटी पासवर्डमधून, तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? म्हणून क्लायंटच नकार देतो आणि संस्थेच्या सुरक्षा धोरणाने गेस्टला अडवलंय असा निरोप दाखवतो. घरगुती दुकानात ‘संस्थेचं धोरण’ वाचून लोक चक्रावतात, मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) हात घालतात.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. मेन पीसीवर एक लोकल अकाउंट करा, समजा ‘ऑफिस’ नावाचं, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरवर त्याला परवानगी द्या. क्लायंटवर युजरनेम टाकताना आधी मेन पीसीचं नाव, मग उलटा तिरका दांडा, मग ‘ऑफिस’. यात तीन खड्डे आहेत. पिन चालत नाही, कारण तो त्या एका मशीनपुरता असतो; नेटवर्कवरून पासवर्डच लागतो. ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, हा जुनाच नियम आहे. आणि मेन पीसीचा पासवर्ड बदलला असेल तर क्लायंटच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं तिथे) जुनाच बसलेला असतो, तो काढावा लागतो.

नंबर बघायचा तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज लिहून पुढे शेअरचा पूर्ण पत्ता द्या. एरर ५३, म्हणजे खिडकीत दिसणारा ०एक्स८००७००३५, याचा अर्थ तुम्ही मेन पीसीपर्यंत पोचलाच नाहीत: नाव, आयपी, राउटर, फायरवॉल बघा. ६७ आला तर शेअरचं नाव चुकलंय. १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड. १२१९ म्हणजे त्याच पीसीशी दुसऱ्या नावाने आधीच जोडलेले आहात, ते कनेक्शन तोडा. १२७२ म्हणजे वरचं गेस्टचं प्रकरण. आणि ५ आला तर ओळख पटली आहे, परवानगी नाही.

एव्हरीवन फुल कंट्रोलचा विचार फक्त या शेवटच्या नंबराला करायचा, तोही अर्धाच. परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंग टॅबवर आणि सिक्युरिटी टॅबवर, आणि दोघांत जी कडक ती लागू होते. शेअरिंगवर एव्हरीवन ठेवून सिक्युरिटीत मोजक्यांना आत घेणं ही चालणारी पद्धत आहे. दोन्हीकडे सगळं मोकळं सोडलं तर एका क्लार्कच्या पीसीत शिरलेलं रॅन्समवेअर मेन पीसीवरचा सगळ्या ग्राहकांचा डेटा लॉक करू शकतं.

राहिलं अपडेट. साइनिंगची सक्ती हा बिघाड नाही, ठरवून केलेला बदल आहे. मासिक अपडेट काढलं तरी पुढच्या महिन्याचं अपडेट जुनं सगळं पोटात घेऊनच येतं.

इथे फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो. ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासूनच्या अपडेटनंतर काही ऑफिसांत बरोबर पासवर्ड देऊनही तो पुन्हा पुन्हा मागितला जाऊ लागला. तिथे पीसी एकाच डिस्कवरून क्लोन केलेले होते आणि सिसप्रेप (क्लोनला नवी ओळख देणारं विंडोजचं साधन) न केल्यामुळे सगळ्यांचा अंतर्गत ओळख क्रमांक, एसआयडी, एकच होता. विंडोज ११ २४एच२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या आता असे जुळे पीसी एकमेकांना नाकारतात. दहा पीसी एका दुपारात ‘रेडी’ करून देणाऱ्या व्हेंडरची ही करामत असते. दोन पीसींवर हूअ‍ॅमआय स्लॅश युजर ही कमांड द्या. लोकल अकाउंटच्या एसआयडीचा शेवटचा गट सोडून बाकी आकडे तंतोतंत जुळले, तर अपडेटला हात न लावता व्हेंडरला बोलवा आणि ते पीसी सिसप्रेप केलेल्या इमेजवरून नव्याने टाकून घ्या. नव्या खरेदीत हे बिल चुकतं करायच्या आधी तपासलेलं बरं.