‘हवेत हात धुवायला शिकवतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठीच्या आमच्या हात धुण्याच्या वर्गाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा वाचला आणि काल त्या दिवशीच्या प्रशिक्षिकेला शेजारी बसवून पुन्हा वाचला. दोन तारे दिलेत, त्यातला एक बहुधा दयेपोटी असावा. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: आधी पाच जणींनी घातलेला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आभासी खोली दाखवणारा) न पुसताच तुमच्या डोक्यावर चढवला. अंगठे नीट चोळूनही ‘अंगठा राहिला’ म्हणून गुण कापले. वीस सेकंद की चाळीस, हे शेवटपर्यंत कळलं नाही. गरगरलं. आणि ‘हवेत हात धुवायला शिकवण्यापेक्षा एक बेसिन आणि साबण दिला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं.’

हेडसेटचं आधी, कारण तिथे मला बोलायला तोंडच नाही. वर्ग हातांच्या स्वच्छतेचा आणि हातोहात फिरतोय तो घामाने ओला झालेला फोमचा पट्टा! फोम घाम शोषतो, पुसूनही आतून साफ होत नाही. आता सगळ्या हेडसेटना सिलिकॉनची कव्हरं लावली आहेत. दोघींच्या मध्ये कव्हर आणि हातात धरायचे कंट्रोलर जंतुनाशकाने पुसतो आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू देतो. पुसल्या पुसल्या कोरडं केलं तर उपयोग नाही. भिंगांना मात्र अल्कोहोल चालत नाही, त्यांना कोरडं मऊ कापड. शिवाय हेडसेट घालायच्या आधी आणि काढल्यावर प्रत्येकीने सॅनिटायझर घ्यायचा. हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं.

अंगठ्याच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, यंत्र चुकलं. हेडसेटवरचे कॅमेरे तुमचे हात बघत असतात. एक हात दुसऱ्याच्या आड गेला की झाकलेली बोटं कुठे असतील याचा यंत्राला अंदाज बांधावा लागतो. हात चोळताना तर एक हात सतत दुसऱ्याच्या आड असतो, आणि अंगठा मुठीत धरून फिरवताना तो पूर्णच लपतो. म्हणजे कृती जितकी नीट, तितकं यंत्राला कमी दिसतं! हे ठाऊक असूनही आम्ही त्यावर गुण ठेवले, कारण पडद्यावर आकडा दिसला की संस्थाचालक खूश होतात. तो आकडा काढून टाकला आहे.

सेकंदांचा घोळ आमच्या प्रशिक्षिकेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सॅनिटायझर हातांवर सुकेपर्यंत चोळायला 20 ते 30 सेकंद धरले आहेत, आणि साबण-पाण्याने धुऊन हात कोरडे करेपर्यंत 40 ते 60. दोन वेगळ्या कृतींचे आकडे तिने एकत्र सांगितले. हात दिसायला मळलेले असतील, विष्ठा किंवा रक्त लागलं असेल, तर सॅनिटायझरवर भागवू नये, साबण-पाणीच हवं.

आता बेसिनचं. इथे मी अर्धाच तुमच्या बाजूने आहे. चोळायचं कसं हे बेसिनवरच शिकावं, हे मान्य. ओलेपणा, फेस, नखांखाली घासताना लागणारा जोर, यातलं काहीच हेडसेट देऊ शकत नाही. पण हात धुणं ठाऊक नाही म्हणून राहतं, असं तुम्हीही म्हणणार नाही. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हापासून माहिती आहेच. राहतं ते नेमक्या वेळी धुणं. रुग्णाला हात लावण्याआधी, जखम किंवा नळीसारखं जपून करायचं काम करण्याआधी, शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर, असे ते पाच क्षण. तक्त्यावर पाठ होतात. डायपर बदलता बदलता आजोबा पाणी मागतात तेव्हा तक्ता आठवत नाही.

हेडसेटमधल्या नेमक्या त्या प्रसंगात तुम्ही हातमोजे उतरवलेत आणि तसाच पेला उचललात. (मोजे घातले म्हणजे हात धुतल्यासारखंच, हा समज किती मुरलेला असतो! ते उतरवतानाही हात मळतात.) नंतर दाखवलेल्या चित्रात जंतू कुठे पोचले ते सांगणारा हिरवा रंग पेल्यावर, पलंगाच्या कठड्यावर आणि आजोबांच्या ओठांशी होता. बेसिनसमोर उभं राहून हे दिसत नाही आणि खऱ्या रुग्णावर करून बघता येत नाही. हेडसेट त्यासाठी आहे. तो रंग काल्पनिक आहे, खरे जंतू असे चकाकत नाहीत, हेही सांगायला हवं होतं.

म्हणून आता क्रम बदलला आहे. आधी बेसिन. मग हातांना चमकणारं लोशन लावून, धुऊन, अतिनील दिव्याखाली बघायचं. राहिलेला अंगठा तिथे खोटं बोलत नाही. हेडसेट सर्वांत शेवटी, आणि तो फक्त ‘केव्हा’ यासाठी.

गरगरण्याबद्दल: कळ दाबून पलंगाकडून बेसिनकडे चालत जायचा भाग काढला. डोळे म्हणतात चाललोय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो उभी आहे, त्यातून ते होतं. सगळं आता एका जागी बसून करायचं आहे. ‘होईल सवय’ हे उत्तर तुम्हाला मिळायला नको होतं. त्रास झाला की हेडसेट उतरवायचा, आणि त्यासाठी कुणाचेही गुण जाणार नाहीत.

शुल्क तुमच्या संस्थेने भरलं होतं, त्यामुळे तुम्हाला परतावा देतो म्हणणं म्हणजे शब्दांचे बुडबुडे. तुमच्या गटाचा वर्ग नव्या क्रमाने पुन्हा घेऊ, वेगळं शुल्क नाही. संस्थेला तसं कळवलं आहे.

रिव्ह्यूच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘खरी पंचाईत कामाच्या मध्येच नातेवाइकांचा फोन आला की होते, ते तुमच्या चित्रात नाहीच.’ खरंच नाही. तो प्रसंग बनवायला घेतलाय. फोन बहुतेक वेळा तुमच्या खिशात वाजतो की रुग्णाच्या उशाशी, आणि तो घेतल्यावर ठेवता कुठे, एवढं इथेच खाली लिहाल का?