कप दोन आहेत, पण मुंबई सिटीचा खरा विक्रम गुणतक्त्यात आहे

मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा विक्रम कुठला, असा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: दोन आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीची फायनल जिंकून मिळालेले. २०२१ ला गोव्यातलं फातोर्डा, २०२४ ला कोलकात्याचं सॉल्ट लेक. दोन्ही वेळा समोर मोहन बागान, दोन्ही वेळा पहिला गोल त्यांचा, दोन्ही वेळा आपल्याला पुढे नेणारा गोल बिपिन सिंगचा. २०२१ ला तर तो नव्वदाव्या मिनिटाला आला. हे सगळं मलाही तोंडपाठ आहे आणि त्या दोन्ही रात्री मी कधी विसरणार नाही.

पण माझं उत्तर वेगळं आहे आणि आज ते सविस्तर लिहितोय. या क्लबने सगळ्यात मोठी कामगिरी केली ती २०२२-२३ च्या हंगामात. त्या हंगामात आपण फायनललाही पोचलो नव्हतो.

आधी आकडे बघा. साखळीत २० सामने. १४ विजय, ४ बरोबरी, २ पराभव. ४६ गुण. ५४ गोल केले, २१ खाल्ले. सुरुवात हैदराबादविरुद्ध ३-३ ने झाली आणि तिथून सलग १८ सामने एकही हार नाही. मध्ये एक टप्पा असा आला की ओळीने ११ सामने जिंकले. त्या मालिकेची सुरुवात चेन्नईत झाली, तीही ०-२ ने मागे पडून. त्या सामन्याचा शेवट ६-२. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या त्या संघाचं सगळं वैशिष्ट्य या एका निकालात आलं. दोन गोल खाल्ले म्हणून कोणी घाबरून मागे बसलं नाही, उलट चढाई आणखी वाढली. डावी बाजू बिपिनची, उजवी छांगतेची, मध्ये चेंडू वाटायला जाहू आणि ग्रेग स्ट्युअर्ट, पुढे परेरा डियाझ. छांगते त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ते उगाच नाही.

आता एक बारीक गोष्ट. गुणतक्त्यात दिसणारे दोन पराभव अगदी शेवटचे आहेत. ११ फेब्रुवारी २०२३ ला फातोर्ड्यावर गोव्याला ५-३ ने हरवून आपण शिल्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळणारा किताब, पक्की केली, तेव्हा १८ सामने झाले होते आणि गुण होते ४६. म्हणजे सगळेच्या सगळे ४६ गुण पहिल्या १८ सामन्यांत आले. सामन्याला अडीचहून जास्त. त्यानंतर बंगळुरू आणि ईस्ट बंगालविरुद्ध हरलो, पण तोवर पहिला नंबर कोणी हिसकावण्याचा प्रश्नच उरला नव्हता. नुसतं '१४-४-२' वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला वाटतं, बरा संघ होता, दोनदा हरला.

क्लबच्या विक्रमांत 'एका हंगामात सर्वाधिक गुण' ही नोंद शोधली तर ४६ दिसणारच नाहीत. तिथे ४७ येतात, २०२३-२४ चे. एका गुणाने विक्रम मोडला की नाही? माझ्या मते नाही मोडला. २०२३-२४ ला साखळी २२ सामन्यांची होती. १४ विजय, ५ बरोबरी, ३ पराभव. विजय तेवढेच, सामने दोन जास्त. सामन्यामागे काढलं तर आधीच्या हंगामाचे २.३० आणि नंतरच्याचे २.१४.

आयएसएलचे विक्रम वाचताना हा घोळ कायम होतो, कारण साखळीची लांबी सतत बदलत आली. पहिली तीन वर्षं १४ सामने, मग १८, मग २०, मग २२, २०२४-२५ ला २४. अशा लीगमध्ये 'सर्वाधिक गुण' ही ओळ सामन्यांच्या संख्येशिवाय छापणं मला पटत नाही. मोहन बागानने २०२३-२४ ला ४८ गुण घेतले, तेव्हा आपला ४६ चा विक्रम मोडला असं सगळीकडे आलं. ते ४८ गुण २२ सामन्यांत होते, सरासरी २.१८. आपल्या २.३० च्या खालीच. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी २४ सामन्यांत ५६ घेतले, सरासरी २.३३, आणि इथे त्यांना मान द्यायलाच हवा. पण त्या हंगामात त्यांचे गोल ४७, तेही २४ सामन्यांत. आपले ५४, अवघ्या २० मध्ये. सामन्याला २.७ गोल. बागानचा तो संघ बचावावर उभा होता, फक्त १६ गोल खाल्ले त्यांनी. कोणाला कुठला खेळ आवडतो हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी अंधेरीच्या स्टँडमध्ये बसतो ते गोल बघायला.

याच मुंबईत रणजीच्या ४२ किताबांचा हिशोब गल्लीतलं पोर सांगतं. कोणी कुठल्या डावात किती केल्या, सरासरी किती, परदेशात किती, घरच्या मैदानावर किती, यावर लोकलमध्ये बोरिवली ते चर्चगेट वाद चालतात. बॅट्समनच्या नुसत्या एकूण धावा सांगितल्या तर लगेच कोणीतरी विचारतो, "डाव किती?" फुटबॉलमध्ये हा प्रश्न कोणी का विचारत नाही?

एकदा अंधेरीची मॅच संपवून आझादनगरहून मेट्रो पकडली. शेजारी छांगतेच्या नावाची जर्सी घातलेला कॉलेजचा मुलगा उभा होता. दोन्ही फायनलचे गोल त्याला मिनिटांसकट पाठ. २०२४ चे तर क्रमाने: बागानच्या कमिंग्जचा पहिला, मग आपल्या परेरा डियाझची बरोबरी, बिपिनचा ८१ व्या मिनिटाचा, आणि भरपाई वेळेतला वोयतुशचा. मी त्याला १८ सामन्यांचं विचारलं. तो म्हणाला, "हो काका, ऐकलंय, पण तेव्हा कप नाही ना मिळाला." बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. घाटकोपर येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो, आणि ही पोस्ट लिहायचं तेव्हाच ठरवलं.

कप का नाही मिळाला, तेही सांगतो. सेमीफायनलचा पहिला सामना आपल्या घरी, बंगळुरूविरुद्ध. छेत्रीने हेडर मारला आणि ०-१. परतीचा सामना १२ मार्चला त्यांच्या कांतीरवा मैदानावर. आधी त्यांचा गोल, मग बिपिनचा, मग ६६ व्या मिनिटाला मेहताब सिंगचा, आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. जादा वेळ संपला, पेनल्टी सुरू झाल्या. पाच-पाच झाल्या, तरी निकाल नाही. दोन्हीकडचे खेळाडू एकामागून एक येत होते आणि कोणी चुकायला तयार नव्हतं. ८-८ झाले. मग मेहताब आला, ज्याने आपल्याला सामन्यात परत आणलं होतं तोच. त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली. त्यांची पुढची पेनल्टी आत गेली, ९-८, आणि आपला हंगाम संपला.

त्या वर्षी कप शेवटी उचलला एटीके मोहन बागानने (मोहन बागानचं तेव्हाचं नाव). साखळीत त्यांचे गुण होते ३४. आपल्याहून १२ कमी. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चाललेली शर्यत एका बाजूला आणि एका बचावपटूची एक किक दुसऱ्या बाजूला. 'चॅम्पियन' हा शब्द मात्र दुसऱ्या बाजूला चिकटला. नियम तेव्हा तसा होता, त्यामुळे बागानने कप न्याय्य मार्गानेच जिंकला, यात शंका नाही. पण वर्षातला सर्वोत्तम संघ कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मिळालं, असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही.

आशियाच्या पातळीवर तर हा प्रश्न कधीच निकाली निघालाय. २०२२ ला आपण एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, खेळलो, ते २०२०-२१ च्या शिल्डमुळे. त्या हंगामात आपले आणि एटीके मोहन बागानचे दोघांचेही ४० गुण होते. आपसातले दोन्ही सामने, १-० आणि २-०, आपण जिंकले होते, म्हणून शिल्ड आपली. कप दोन आठवड्यांनी आला, पण आपल्या गटाचे सामने जिथे झाले त्या सौदीतल्या रियाधचं तिकीट शिल्डने काढलं. आणि रियाधमध्ये ११ एप्रिल २०२२ ला जे झालं ते भारतीय क्लब फुटबॉलमध्ये तोवर कधीच झालं नव्हतं. इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध ०-१ ने मागे, मग डिएगो मॉरिसियोची पेनल्टी, आणि मग आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा हेडर. २-१. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि विजयी गोल मुंबईकराचा. सहा सामन्यांत ७ गुण घेऊन गटात दुसरे आलो. त्याच गटात सौदीच्या अल शबाबने आपल्याला ६-० ने झोडपलं, तेही नोंदीत राहू दे. पण भेकेच्या त्या गोलाचं पोस्टर मुंबईत किती ठिकाणी लागलं?

पुढच्या वेळीही तेच. ४६ गुणांच्या शिल्डच्या जोरावर केरळमधल्या मंजेरीला जमशेदपूरशी प्लेऑफ खेळलो, ३-१ ने जिंकलो, आणि २०२३ ला नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर अल हिलाल उतरला. त्या वेळी सहाच्या सहा सामने हरलो, दर्जातला फरक उघडा पडला. तरीही सौदीचा एवढा मोठा संघ नवी मुंबईत अधिकृत स्पर्धेचा सामना खेळून गेला, तो शिल्डमुळे. उलट २०२४ चा कप जिंकूनही पुढच्या हंगामात आपण आशियात नव्हतो. शिल्ड बागानकडे गेली होती, शेवटच्या साखळी सामन्यात आपल्यालाच २-१ ने हरवून, आणि आशियाही त्यांनीच खेळला.

म्हणून २०१६ ची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. अलेक्झांद्रे ग्विमारायस प्रशिक्षक, डिएगो फोर्लान पुढे, अंधेरीत पहिलाच हंगाम. १४ सामन्यांत २३ गुण, फक्त ८ गोल खाल्ले, आणि साखळीत पहिला क्रमांक. फोर्लानने केरळविरुद्ध हॅटट्रिक केली, ५-०. सेमीफायनलला कोलकात्यात २-३, इथे ०-०, खेळ खल्लास. तेव्हा शिल्ड नव्हतीच, ती २०१९-२० पासून सुरू झाली. त्यामुळे किताबांच्या यादीत २०१६ पुढे काहीही नाही. एक वर्ष आधी गोव्यात ०-७ ने हरलेला हा क्लब. वर्षभरात तिथून तो सगळ्या लीगच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि त्याची ओळखीची खूण म्हणून एक पत्र्याचा तुकडाही मिळाला नाही.

जुन्या लोकांना हे पटकन समजतं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली, तेव्हा फायनल वगैरे भानगड नव्हती. डेरिक परेरांचा संघ गुणतक्त्यात पहिला आला, विजेता झाला, मुंबईला राष्ट्रीय लीग मिळाली. बस. कूपरेजवर तो संघ ज्यांनी बघितला त्यांना कोणी 'पण फायनल कुठे जिंकली?' असं विचारलं नाही. २०१० मध्ये तो क्लबच बंद झाला, आणि आज तरुण चाहत्यांशी बोलताना कळतं की शहराचं फुटबॉल २०१४ ला सुरू झालं, असंच त्यांना वाटतं. आकडे जपले नाहीत की असं होतं.

२०२४ च्या कपाला मी कमी लेखत नाही. बकिंगहॅम हंगामाच्या मध्यात ऑक्सफर्डला निघून गेला, पेत्र क्रात्कीने संघ सांभाळला, आणि सेमीफायनलला गोव्यात ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे असताना छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते असे तीन गोल झाले. असा शेवट मी दुसरा पाहिलेला नाही. माझं म्हणणं एवढंच की ती रात्र चमत्काराची होती, आणि २०२२-२३ चे ते पाच महिने कर्तृत्वाचे.

तेव्हा क्लबकडे एक मागणी आहे. अंधेरीच्या स्टेडियममध्ये विक्रमांचा फलक लावा, मराठीत लावा, आणि प्रत्येक हंगामापुढे सामने, गुण आणि साखळीतला क्रमांक लिहा. २०१६ पुढे 'पहिला' हा शब्द दिसू दे. २०२२-२३ पुढे '१८ सामने अपराजित' दिसू दे. ज्या वर्षी सातवे आलो तेही लिहा, आणि २०२५ ला बंगळुरूने प्लेऑफमध्ये ०-५ ने घरी पाठवलं तेही.

आणि ज्यांना अजूनही २०२४ चा कपच मोठा वाटतो, त्यांनी खाली जरूर लिहा. मी उत्तर देईन. फक्त गुण लिहाल तिथे शेजारी सामने किती तेही लिहा.