फादर रिक फ्रेशेट खरेखुरे डॉक्टर आहेत

हैतीतलं बालरुग्णालय उभारणारे कॅथलिक धर्मगुरू रिक फ्रेशेट 'नुसत्या प्रार्थनेने रोगी बरे करतात, डॉक्टर फक्त नावापुरते' असा मेसेज फिरतोय. साफ खोटं आहे. १९७९ मध्ये धर्मगुरू झालेल्या या अमेरिकन गृहस्थांनी पुढे रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १९९८ मध्ये ते डॉक्टर झाले. 'धर्मगुरूला डॉक्टरकी वर्ज्य' ही जोडलेली पुस्ती तर शिळीच: खास परवानगीशिवाय तशी बंदी कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत होती, १९८३ च्या संहितेत ती उरली नाही. शिवाय त्यांचं हे बालरुग्णालय, म्हणजे हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळचं सेंट डेमियन, कुणाला वाटेल तसं व्हॅटिकनचं नाही. १९५४ मध्ये मेक्सिकोत अनाथ मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेच्या परिवारातलं आहे. प्रार्थना ते करतात, हो. सरकारी शवागारातल्या बेवारस मृतदेहांना मूठमाती देतानाही.