चाळीस टक्के ढग

सकाळी ओल्या कपड्यांची बादली दोरीपाशी आली की बायकोचा एकच प्रश्न असतो, "बाहेर घालू की आत?" उत्तर एका शब्दाचं हवं असतं. मी मोबाईल उघडतो. मोबाईल म्हणतो, पावसाची शक्यता ४० टक्के.

"म्हणजे बाहेर की आत?"

हे समजावून सांगता यावं म्हणून मी एकदा रात्र जागून वाचलं होतं. ४० टक्के म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, किंवा ४० टक्के गावात पाऊस असंही नव्हे. आजच्यासारखा अंदाज असलेले १० दिवस घेतले, तर त्यातल्या साधारण चार दिवशी आपल्या डोक्यावर पाऊस पडतो आणि सहा दिवशी पडत नाही. एवढं सांगून मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

"बरं. मग आजचा दिवस त्या चारातला की सहातला?"

बादली अजून तिच्या हातातच होती.

त्या दिवशी ठरवलं, मोबाईलच्या नादी लागायचं नाही. मान वर करायची आणि थेट ढगालाच विचारायचं. पण विचारायचं तर आधी नाव माहीत हवं. ढगांना नावं आपण सगळेच ठेवतो. नावं दिली ती ल्यूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या गृहस्थाने, लंडनमध्ये, १८०२ साली. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रेटस म्हणजे थर. आपले तंतुमेघ, राशिमेघ आणि स्तरमेघ. मला हे एका बैठकीत पाठ झालं, कारण तिन्ही गोष्टी घरात रोज दिसतात: बेसिनमध्ये बट, खुर्चीवर कपड्यांचा ढीग आणि पंख्यावर थर.

भानगड पुढे आहे. या मंडळींची आपसांत लग्नं लागून मुख्य प्रकार एकूण १० होतात. त्यातले तंतुराशिमेघ, मध्यराशिमेघ आणि स्तरराशिमेघ हे तिघेही पिंजलेल्या कापसासारखेच दिसतात. ओळखायची युक्ती अशी, की हात आकाशाकडे ताठ धरायचा. ढगाचा पुंजका करंगळीआड लपला तर तो फार उंचावरचा तंतुराशिमेघ. करंगळीला पुरून उरला पण तीन बोटांत मावला तर मध्यराशिमेघ. तीन बोटांनाही आटोपला नाही तर खालचा स्तरराशिमेघ. क्षितिजालगतच्या ढगांना मात्र ही मोजपट्टी लावायची नाही.

मी गच्चीवर गेलो आणि आकाशाकडे करंगळी धरून उभा राहिलो. बराच वेळ. समोरच्या गच्चीवरून काका ओरडले, "अहो, जा ना मग! विचारताय कुणाला?"

तरी अभ्यास सोडला नाही. एका दुपारी मला चक्क गर्जन्मेघ दिसला. १०-१२ किलोमीटर उंच चढलेला, माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला, पुस्तकातल्या चित्रासारखा. मी धावत जाऊन कपडे काढले, खिडक्या लावल्या, शेजाऱ्यांनाही कपडे काढायला लावले. थेंब पडला नाही. एवढा उंच ढग शंभरेक किलोमीटरवरूनही दिसू शकतो, हे मी रात्री वाचलं. तो इमानाने बरसत होता, पण दुसऱ्या कुणाच्या तरी दोरीवर.

मग एकदा आभाळ नुसतं करडं, एकसारखं होतं. मी म्हणालो, "स्तरमेघ. फार तर भुरभुर. घाल बाहेर." तो वर्षास्तरमेघ निघाला आणि दिवसभर कोसळला. हा ढग ओळखायची खात्रीची खूण एकच: तो ओळखू येतो तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो.

हवामान खात्याला हसणं मी तेव्हापासून बंद केलं. त्यांचे संगणक सगळ्या पृथ्वीची हवा चौकोनांत कापून हिशेब करतात, आणि एकेक चौकोन १० किलोमीटरच्या आगेमागे. साधा राशिमेघ असतो किलोमीटरभर रुंद. तो त्या जाळीतून खुशाल गळतो. एक घन किलोमीटरच्या तशा ढगात ५०० टनांच्या आसपास पाणी असतं. थेंब इतके बारीक, की वर चढणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. त्यातले माझ्या चादरीवर किती, हे संगणकाने कुठून सांगावं?

हे सगळं मी बायकोला कालच सांगितलं, चौकोनांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आज किती टक्के?"

"४०."

तिने बादलीतले १० कपडे मोजले, सहा बाहेर वाळत घातले आणि चार आत. मी थक्क झालो. इतक्या वर्षांत शक्यतेचा इतका सरळ हिशेब मला सुचला नव्हता. दिवसभर ऊन पडलं. संध्याकाळी बाहेरचे सहा कपडे खडखडीत वाळले होते, आतले चार ओले. चारही माझे होते.