अर्ध्या दिवसात आधी वाडाच का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. पुण्यात अर्धाच दिवस हाती असेल तर मुठेकाठचे संभाजी उद्यान बाजूला ठेवून विश्रामबाग वाडा पाहावा, असे मी लिहिले होते. मुलाबाळांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन आलेल्या माणसाला नदीकाठची हिरवळ व सावली हवी असते, बाजीराव रस्त्याच्या गर्दीतून वाट काढत ‘जुनी लाकडे’ पाहण्यात त्याला काय रस, असा आपला आक्षेप आहे. विसाव्याची गरज मला मान्य आहे. परंतु हाती वेळ थोडा असताना, या गावी आल्यावाचून काय पाहता येणार नाही, हा प्रश्न मला आधीचा वाटतो.

आपण ज्यांना जुनी लाकडे म्हणता, तीच पुण्यात दुर्मीळ झाली आहेत. शनिवारवाड्यातले लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले आणि तेथे तटबंदी, दरवाजे व जोती तेवढी उरली. बुधवार वाडा १८७९ मध्ये जळून नामशेष झाला. त्याच वर्षी विश्रामबाग वाड्याचाही काही भाग जळाला, पण तो पुन्हा बांधून काढण्यात आला, म्हणूनच दुसऱ्या बाजीरावाने उभारलेला हा वाडा आज रस्त्यावरून जाताना दिसतो. समोरच्या पदपथावर क्षणभर थांबून दर्शनी सज्जा पाहावा : सुरूच्या घाटाचे, वर निमुळते होत गेलेले खांब, त्यांच्यावरची पानांची नक्षी आणि केळफुलांचे कोरीवकाम. आत कधी दुरुस्ती चालू असली, तरी एवढे बाहेरूनही पाहायला मिळते. मुलांना सांगण्यासारखी गोष्टही येथे आहे. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले.

नदीविषयी आपण जिव्हाळ्याने लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. खडकवासला आणि त्याच्या वरच्या धरणांत पाणी अडवले जात असल्यामुळे शहरातली मुठा वर्षातला बराच काळ बारीक धारेने वाहते. तिचे भरलेले पात्र पाहायचे, तर पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असताना झेड पुलावर उभे राहावे. उद्यानातली झाडी रमणीय आहे, मुले तेथे मोकळेपणी खेळतात, हे मीही म्हणेन. पण नदीने या शहराचे काय केले, ते त्या हिरवळीवर बसून कळत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि काठच्या पेठांमधली असंख्य घरे व वाडे पाण्याने नेले. आगीतून वाचले ते पुरात गेले, आणि पुरातून राहिले त्यांच्या जागी इमारती आल्या. उभ्या असलेल्या वाड्याला पहिला मान द्यावा, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

गर्दीचा मुद्दा रास्त आहे. त्यावर उपाय एवढाच, की वाड्याजवळच्या तुळशीबागेच्या बाजारातली दुकाने उघडण्याआधी, सकाळीच वाड्यापाशी पोहोचावे. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी जिन्याच्या वाटेला न जाता दर्शनी भाग आणि खालचा चौक पाहिला तरी पुष्कळ आहे. त्यानंतर वेळ उरलाच, तर रिक्षाने उद्यान फार लांब नाही.