चौकशी करा, पण रीतसर

गावात अनोळखी मोटारसायकल शिरली आणि तुम्ही तिचा नंबर वाचला नाही, तर मग पानठेल्यावर बसता तरी कशाला? एमएच 27 अमरावती, 29 यवतमाळ, 30 अकोला हे तर पोट्ट्यांनाही पाठ असतं. तुमची हुशारी दिसते ती 37 ला. जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला म्हणून नंबर मागाहून मिळाला, हे मनातल्या मनात ठेवून खर्रा घोटता घोटता नुसतं म्हणावं, "वाशीमचा पाहुणा दिसते." गाडी कोणाच्या दारात लागते हे पाहायला मग चार जण आपोआप उठतात. त्या घरी लग्नाची पोरगी असली की उरलेली दुपार सार्थकी लागली.

पाहुण्याला जात विचारू नये. बरं दिसत नाही. आडनाव विचारावं. तो 'पाटील' किंवा 'देशमुख' म्हणाला तर समाधान मानू नका, त्यातून काहीच उलगडत नाही. मग मामाकूळ विचारावं, मामाचं गाव विचारावं, त्या गावातलं त्याचं घर कोणत्या बाजूला आहे ते विचारावं. एवढ्यावरही बेट्यानं दाद दिली नाही तर कुलदैवत आहेच. तुम्ही मात्र जातपात मानत नाही, हे चहा पाजताना एकदा सांगून टाकायचं.

पुण्याहून आलेल्या पोराची गोष्ट निराळी. त्याला थेट "कितीक देते कंपनी?" विचारायला कोणाची हरकत नसते, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर नागडा फिरलेला आहे. तो "भागते, काका" म्हणेल. सोडू नका. आकडा लाखात सांगितला तर तिथल्या तिथं बारानं भागा, खोलीचं भाडं वजा करा आणि "एवढ्यात तं आपला शिपाईबी घेते" असा निकाल द्या. आणि तो सध्या घरूनच काम करतो म्हणाला, तर आवाज खाली आणून विचारा, "काढलं काय रे तुले?" त्याची आई ऐकेल इतकाच खाली आणायचा.

आता जुनी माणसं ही सगळी मेहनत पायी फिरून करत. तुमच्यावर सरकारची कृपा आहे. दुसऱ्याचा सातबारा मोबाइलवर फुकट दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट नंबर ठाऊक नसेल तर नावावरून शोधा, आपला मोबाइल नंबर टाका, झालं. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर 15 रुपये पडतात, पण आपल्याला कुठं कोर्टात जायचंय? क्षेत्र पाहण्यात वेळ घालवू नका, ते सगळ्या गावाला धुऱ्यासकट माहीत असतं. खरा मजकूर 'इतर अधिकार' या रकान्यात असतो. कोणत्या सोसायटीचा, कोणत्या बँकेचा, कितीचा बोजा, सगळं तिथं. ज्यानं लग्नात दोन डीजे लावले त्याचा सातबारा आधी उघडावा.

पीएम किसानची यादीही गावनिहाय निघते. वर्षाचे 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत. त्यात एखाद्या नोकरीवाल्याचं नाव सापडलं तर तक्रार अजिबात करू नये. तक्रार केली की विषय संपतो. ठेल्यावर तोच विषय वर्षभर पुरतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. त्याच मोबाइलवर ई-ग्रामस्वराज नावाचं ॲप चालतं आणि आपल्या ग्रामपंचायतीनं कशावर किती खर्च केला ते त्यात दिसतं. ते चुकूनही उघडू नका, उगाच नेट संपते. ग्रामसभेलाही जाऊ नका. 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा भरला की गणपूर्ती होते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे तुमच्यावाचून काही अडत नाही. नालीचे पैसे कुठं गेले, हे चारचौघांत सरपंचाला विचारणं म्हणजे खोचकपणा. माणसाच्या खाजगी गोष्टीत आपण कशाला पडावं?

तुमची पाळी येईलच. बॅग घेऊन बसथांब्यावर उभे असाल तर "कोठी चालले जी?" याला "इथंच, जरासं" हे उत्तर पुरतं, मग तुम्ही दिल्लीला का निघाले असेना. पोराच्या पगारावर "अजून ट्रेनिंगच हाय" हे दोन-तीन वर्षं चालतं. आणि कोणी तुमच्याच सातबाऱ्यावरचा बोजा आकड्यासकट बोलून दाखवला, तर अजिबात गडबडू नका. तो तलाठ्यानं चुकून चढवला, दुरुस्तीला टाकलाय म्हणावं, आणि त्याच दमात त्याला विचारावं, "तुह्या भावाच्या वाटणीचं काय झालं मंग?"