घरचा संगणक जागा झाला नाही आणि फोल्डर गेले: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या घरी झालेल्या कामाची नोंदवही समोर ठेवून हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, डोंबिवलीच्या घरातील संगणक व लॅपटॉप यांतील ड्रॉइंग्ज सारखी राहावीत आणि बाहेरगावाहून घरचा संगणक सुरू करता यावा, यासाठी आम्ही ३,५०० रुपये घेतले, वर एक डबी गळ्यात मारली. गणपतीत आपण कोकणात असताना तो संगणक चार दिवस सुरूच झाला नाही. लॅपटॉपवर जागा करण्यासाठी काढलेले जुन्या कामांचे फोल्डर परतल्यावर घरच्या संगणकावरूनही नाहीसे झाले. आणि दुकानात फोन केला तेव्हा "लाइट गेली असेल" एवढेच ऐकायला मिळाले. डबीचा मुद्दा सोडला तर आपली तक्रार रास्त आहे.

फोल्डरचे आधी लिहितो, कारण खरे नुकसान तिथे झाले. आम्ही सिंकथिंग हे सॉफ्टवेअर बसवले होते. ते दोन यंत्रांतील फोल्डर थेट एकमेकांशी जुळवते, मध्ये कोणाच्या सर्व्हरवर फायली साठवून ठेवत नाही, आणि आपल्या ग्राहकांचे नकाशे बाहेर कुठे साठू नयेत अशी आपली अटच होती. मात्र जुळवणे म्हणजे एकीकडे झालेला प्रत्येक बदल दुसरीकडे करणे, आणि फाइल काढून टाकणे हाही त्याच्या लेखी एक बदलच असतो. आपण कोकणात फोल्डर काढले तेव्हा घरचा संगणक बंद होता, म्हणून तिथली प्रत चारही दिवस जशीच्या तशी होती. आपण घरी येऊन बटण दाबले, लॅपटॉप आधीच सुरू होता, दोन्ही यंत्रांची गाठ पडली आणि थोड्याच वेळात ते फोल्डर आपल्या डोळ्यांदेखत गेले. बटण दाबण्याआधी संगणकामागची नेटवर्कची वायर उपसून ठेवली असती तर सगळे वाचले असते. परंतु हे आपल्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, ते आम्ही सांगायला हवे होते.

दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलाने एखादी फाइल बदलली किंवा गेली, तर तिची जुनी प्रत बाजूला राखण्याची सोय सिंकथिंगमध्ये आहे. तिला फाइल व्हर्जनिंग म्हणतात आणि ती मुळात बंद असते. घरच्या संगणकावर ती चालू केलेली नव्हती. आमच्या तंत्रज्ञाच्या हाती जी कामांची यादी असते तिच्यात ही ओळच नाही, आणि ती यादी मी केलेली आहे, त्यामुळे हा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे बिलावर आम्ही "फायली दोन्हीकडे सुरक्षित" असे छापले होते. हे वाचून कोणीही बॅकअप मिळाला असेच समजेल. बॅकअप आम्ही दिलेला नव्हता, आणि तसे शब्दांत सांगितलेलेही नव्हते.

संगणक का उठला नाही, हे "लाइट गेली असेल" या वाक्यात आले होते खरे, पण अर्धेच, आणि ज्या सुरात आले त्याबद्दल मी दिलगीर आहे. स्लीपमध्ये असलेल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर जागे राहते. मागे वायर लावतो तिथला छोटा दिवा लुकलुकत असतो तो त्यामुळेच. त्या कार्डाला मॅजिक पॅकेट नावाचा जेमतेम १०२ बाइटांचा संदेश जातो: आधी ठरावीक सहा बाइट, मग त्या कार्डाचा पत्ता सलग १६ वेळा. गाढ झोपलेल्याला नावाने सोळा हाका माराव्यात, तसाच प्रकार. संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या रोजनिशीत, जी नोंद आम्हाला सापडली तिच्यावरून आपण गेल्याच्या पहिल्याच रात्री वीज गेलेली दिसते. इन्व्हर्टरवर आपले दिवे, पंखे आणि राउटर आहेत, संगणक नाही; तो स्लीपमधून थेट बंद पडला. वीज परत आली तरी त्या कार्डाला हाकेकडे कान देण्याची सूचना विंडोजकडून मिळते, आणि विंडोज सुरूच झालेले नव्हते. आपण फोनवरून बटण दाबत राहिलात, हाका जात राहिल्या, ऐकणारे कोणी नव्हते. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, "वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा" अशी एक ओळ असते. ती आम्ही बदलली असती तर आपले चार दिवस वाया गेले नसते.

डबीबाबत मात्र मी सहमत नाही. ती रास्पबेरी पाय, म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक आहे आणि ती गरजेची होती. मॅजिक पॅकेट घरातल्या घरात फिरते, इंटरनेटवरून ते सहसा राउटरच्या आत पोहोचत नाही; शिवाय आपल्या कनेक्शनला इंटरनेटवर स्वतंत्र पत्ता (आयपी) नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, त्यामुळे बाहेरून राउटरचे दार उघडून देण्याची वाट बंद होती. काही राउटरमध्ये हाक मारण्याची सोय असते, आपल्या राउटरमध्ये ती नव्हती. म्हणून आपला निरोप घेऊन आतून हाक मारणारे, घरात सतत जागे राहणारे काहीतरी हवेच होते.

"त्यापेक्षा संगणक चोवीस तास चालू ठेवा असे सरळ सांगायचे होते," असेही आपण लिहिले आहे. आपल्या संगणकाचा नुसता चालू असतानाचा वापर आम्ही मोजला, तो सुमारे ६० वॉट भरला. महिन्याला ४३ युनिट होतात, आणि डबीला चार वॉट धरले तर तीन युनिटही होत नाहीत. पण चार दिवसांसाठी सहा युनिटसुद्धा लागले नसते. त्या मोजक्या दिवसांपुरता आपला सल्ला आमच्या योजनेपेक्षा शहाणपणाचा होता.

३,५०० रुपये मजुरी आम्ही परत करीत आहोत. शनिवारी आमचा तंत्रज्ञ येऊन बायॉसमधील ती ओळ बदलेल, अर्धा तास वापर नसेल तर संगणक पुन्हा स्लीपमध्ये जाईल असे करील, व्हर्जनिंग चालू करील आणि आठवड्यातून एकदा लावून मग काढून ठेवायच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर खरा बॅकअप बसवून देईल. लॅपटॉपवर जागा करायची असेल तेव्हा ते फोल्डर आधी सिंकथिंगच्या वगळण्याच्या यादीत घालावे आणि मगच काढावे, म्हणजे काढल्याची बातमी घरी पोहोचत नाही. हे तो आपल्यासमोर एका रिकाम्या फोल्डरवर करून दाखवील.

गेलेल्या २१२ ड्रॉइंग्जपैकी १७४ परत मिळाली आणि उघडतात. घरच्या संगणकाची डी ड्राइव्ह जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असल्यामुळे एवढे तरी हाती लागले. लॅपटॉपच्या एसएसडीवरून, म्हणजे नव्या पद्धतीच्या चिपवरच्या डिस्कवरून, काहीच निघाले नाही. उरलेल्या ३८ ची नावे आम्ही छापून ठेवली आहेत. त्यांतली काही आपण ठेकेदारांना किंवा ग्राहकांना ई-मेलने पाठवली असतील, तर पाठवलेल्या पत्रांत ती अजून असतील. यादी शनिवारी तंत्रज्ञाबरोबर पाठवतो. तोवर डी ड्राइव्हवर नवीन काही साठवू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक